पुलावरची आपा

आपा माणसाच्या तोंडाकडं आधी कधी बघायची नाही, खांद्यांकडं बघायची. तुम्ही तिच्या दुकानाची पायरी चढून आत आलात की तिची नजर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची, मग पाठीवरून कंबरेपर्यंत उतरायची, आणि टेप हातात घ्यायच्या आधीच ती एक आकडा पुटपुटायची. नंतर टेप लावून बघायची. आकडा तोच निघायचा. मी पहिल्यांदा तिच्याकडं ब्लाउज टाकायला गेले तेव्हा तिनं माप घ्यायच्या आधी विचारलं, "शाळेत शिकवता न्हवं?"

मी चकित झाले. "कशावरून ओळखलंत?"

"उजवा खांदा वर हाय की. फळ्यावर लिवून लिवून." आणि त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'बाई' झाले.

तिचं खरं नाव जुबेदा. पण कोल्हापूरच्या शनिवार पेठेत ते कुणाला ठाऊक होतं असं मला वाटत नाही. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांची ती आपाच. घराची पुढची खोली हेच दुकान. पायानं चालवायचं एक जुनं मशीन, भिंतीला आरसा, आणि ज्यावर बसलं की कुरकुरायचं असं एक बाकडं. नवरा तरुणपणीच गेला, तोही शिंपीकामच करायचा. त्याच्याच मशीनवर तिनं दोन मुलांना मोठं केलं. मुलगी लग्न होऊन मिरजेला गेली, मुलगा पुण्याच्या एका कारखान्यात लागला. "माझ्याकडं ये" म्हणून तो सारखा फोन करायचा. ती म्हणायची, "येतो रे, हातातलं काम संपू दे." हातातलं काम तीस वर्षांत संपलं नव्हतं.

माप घेताना ती बायकांना हमखास रागवायची. "श्वास सोडा बाई. सोडा की! सगळ्या बायका माप देताना श्वास आत धरतात. बारीक दिसायला. मग ब्लाउज घट्ट झाला की आपा वाईट." छातीला टेप लावून ती गप्प उभी राहायची, समोरच्या बाईचे दोन-तीन श्वास होऊ द्यायची, आणि मगच आकडा लिहायची. मला एकदा म्हणाली, "माणूस तोंडानं खोटं बोलतंय, श्वासानं न्हाय बोलत." त्या वेळी मला ते नुसतं चटकदार वाक्य वाटलं होतं.

पण तिची खरी ओळख म्हणजे उसवणं. आमची तिसरी मैत्रीण वैजू. माहेर शिरोळकडचं, आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत माल पाठवायच्या खात्यात नोकरी. तिच्या दिराच्या लग्नाला दोन दिवस राहिले असताना ती ब्लाउज न्यायला आली. आपानं तो तिला घालायला लावला, आरशासमोर उभं केलं, हात वर करायला सांगितला, आणि ब्लेड उचललं. बाही अर्धा बोट पुढं बसली होती.

"अगं आपा, चांगला झालाय की! कुणाला दिसतंय?" वैजू ओरडली.

"मला दिसतंय की."

दोन्ही बाह्या तिनं तिच्यादेखत उसवल्या. वैजू रडकुंडीला आली तेव्हा म्हणाली, "उसवायला लाज कसली? चुकीचं शिवल्यालं तसंच घालून हिंडायची लाज." दुसऱ्या दिवशी ब्लाउज तयार होता, आणि लग्नात तिघी जणींनी वैजूला शिंपिणीचा पत्ता विचारला.

मी निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायला लागलो. एकदा चालता चालता वैजूनं तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. हिमाचलातल्या स्पितीचा होता. झाड नाही, गवत नाही, नुसते उघडे तांबूस डोंगर. दोन डोंगरांच्या मधोमध सरळ खाली चिरत गेलेली घळ, आणि तिच्यावर टांगलेला एक पूल. पुलावर एक माणूस उभा होता, तो मुंगीएवढा दिसत होता. आपा थांबली. तो व्हिडिओ तिनं तीनदा बघितला आणि फोन परत देत म्हणाली, "ह्या पुलावर मला हुबं ऱ्हायचंय."

मी हसले. "आपा, तुम्ही पन्हाळ्याच्या वर कधी गेला नाही."

"मग आता जातो की."

आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी जातो', 'मी करतो' असंच म्हणतात. पुढं त्या पुलाच्या प्रवासात दिल्लीच्या गाडीत एका पुणेकर बाईंनी तिला "अहो, जाते म्हणा, जाते" असं सुधारायचा प्रयत्न केला. आपानं त्यांच्याकडं मायेनं बघितलं आणि म्हणाली, "तुमी जावा, मी जातो."

तयारी तिघींनी तीन तऱ्हांनी केली. वैजूनं भडंग, कांदा-लसणाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधल्या. मी एक वही केली. कोणत्या दिवशी किती वाजता कुठं, कुठला मुक्काम, काय बघायचं, सगळं तासांच्या वेळापत्रकासारखं आखलं. छत्तीस वर्षं घंटेवर जगलेली बाई दुसरं काय करणार? आपानं तिघींसाठी कापूस भरलेल्या बिनबाह्यांच्या बंड्या शिवल्या, आतून गोधडीसारखे उभे-आडवे टाके घालून. मी म्हटलं, "बाजारात जाकिटं मिळतात की." तर म्हणाली, "थंडी कापडातनं येत न्हाय बाई. शिवणीतनं येत्या."

मनालीहून पुढं आम्ही जीप केली. चालकाचं नाव दोर्जे. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. आपानं त्याला पहिल्या तासातच 'पावणं' करून टाकलं. तिची दक्खनी वळणाची हिंदी त्याला कशी कळत होती देव जाणे, पण तो तिच्याशीच बोलायचा आणि तिला 'आपाजी' म्हणायचा. रस्ता असा, की एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली कुठंतरी नदी. वैजूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी वहीत बघत होते. आपा मात्र दरीकडच्या खिडकीला नाक लावून बसली होती.

"आपा, भीती नाही वाटत?"

"वाटत्या की. पण भ्यायचंच हाय तर बघून भ्यावं."

त्या दिवशी दुपारी रस्ता अडला. वरचा बर्फ उन्हानं वितळून एक ओढा रस्त्यावरून धो धो वाहत होता आणि गाड्यांची रांग लागली होती. पाणी ओसरायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागणार होती. मी वही उघडून चरफडत बसले. आपानं कंबरेची पिशवी सोडली, सुई-दोरा काढला, आणि दोर्जेच्या जाकिटाचा फाटलेला खिसा शिवायला घेतला. ते बघून मोटारसायकलवरून आलेला एक सरदारजी आपला फाटका हातमोजा घेऊन आला. मग एका बंगाली बाईंच्या पिशवीचा बंद. मग ट्रकवाल्याची ताडपत्री. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून आपा दोन तास शिवत होती आणि प्रत्येकाला गाव विचारत होती. संध्याकाळी जवळच्या ढाब्यावर जागा नव्हती, तर त्या ताडपत्रीवाल्यानं आपली जागा आम्हा तिघींना दिली.

पण त्या ओढ्यानं माझा एक दिवस खाल्ला. स्पितीतल्या काझा गावी पोचलो तेव्हा वहीप्रमाणं तिथं एक दिवस विश्रांतीचा होता. हवा विरळ, शरीराला सवय व्हायला हवी म्हणून तो ठेवलेला. मी तोच कापला. दोर्जे म्हणाला, एक दिवस थांबा. आपा म्हणाली, "थांबूया की बाई. पूल काय पळून जात न्हाय." मी परतीच्या गाडीची तारीख दाखवली. शाळेत पर्यवेक्षिका होते मी. माझ्या आवाजात अजून तो अधिकार होता, आणि दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा माझं डोकं आतून कुणीतरी घणानं ठोकत असल्यासारखं दुखत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. नाश्ता टाळला, गोळी घेतली आणि गाडीत झोपेचं सोंग घेऊन डोळे मिटून बसले. पूल आला तेव्हा वैजू किंचाळली, "बाई, बघा, बघा!" वारा इतका होता की दोर्जेनं गाडी थांबवली नाही, झर्रकन पलीकडं नेली. माझे डोळे मिटलेलेच राहिले. आम्ही पलीकडच्या गावात मुक्काम करणार होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना चालत पुलावर येणार होतो. वहीत तसं लिहिलं होतं.

गाव म्हणजे पांढऱ्या मातीची पंधरा-वीस घरं. ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंनी चुलीजवळ बसवून चहा दिला. मी पेला उचलला आणि थोडा सांडला. वर बघितलं तर आपा माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही. खांद्यांकडं.

"बाई, श्वासाबरूबर खांदे वर यायलेत तुमचे."

"चढ आहे आपा. सगळ्यांनाच धाप लागते."

"आपण बसलोय. चढ कुठाय?" ती उठली. जमिनीवर एक लांब पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी होती, तिच्या काठाकडं तिनं बोट दाखवलं. "उठा. ह्या काठावरनं पावलापुढं पाऊल ठेवून चालून दाखवा."

मी हसत उठले. मला वाटलं, हा काय लहान मुलांचा खेळ. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, तिसऱ्याला मी काठ सोडून एकदम डावीकडं गेले आणि वैजूच्या अंगावर पडले. पुन्हा चालले. पुन्हा तेच.

"खाली जायचं," आपा म्हणाली. "आत्ता."

वैजू तिच्याकडं बघतच राहिली. "आपा, उद्या सकाळी पूल... आपण इतक्या लांब..."

"व्हय. पिशव्या आण."

मग मी बोलले. आजही ते शब्द माझ्या कानात आहेत, आणि ते आजारात बोलले असं म्हणून मी सुटू शकत नाही, कारण वाक्य व्याकरणासकट शुद्ध होतं. त्या घरच्या बाई, दोर्जे, वैजू सगळ्यांसमोर मी म्हणाले, "आपा, तुम्ही ब्लाउज शिवता. डॉक्टर नाही. जे कळत नाही त्यात बोलू नये."

 आपाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला दिसलं नाही, कारण ती वळून माझी शाल घडी करत होती. "गाडीत बसून बोला," ती म्हणाली, "काय बोलायचं ते." दोर्जे तोवर गाडीकडं गेलेला होता. त्यानं असं पूर्वी बघितलं होतं. तो नंतर म्हणाला, की आपाजी बोलल्या नसत्या तर तोच बोलणार होता. पण बोलली ती.

उतरतानाचं मला फार आठवत नाही. वैजूनं सांगितलं ते असं. मी वाटेत दोनदा ओकले आणि शाळेत असल्यासारखी कुणातरी मुलीला बाकावर उभं राहायला सांगत होते. आपानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिचा हात माझ्या छातीवर होता, श्वास मोजत. पुलावरून गाडी परत गेली. ऊन लख्ख होतं, घळ तळापर्यंत उघडी होती. आपानं एकदाही मान वर केली नाही.

काझाच्या दवाखान्यात मला प्राणवायू लावला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. मेंदूला सूज यायला लागली होती, ती म्हणाली. रात्र वर काढली असती तर सकाळ सांगता आली नसती. मग तिनं विचारलं, यांना खाली कुणी आणलं? वैजूनं आपाकडं बोट केलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आप नर्स हैं?"

"नहीं," आपा म्हणाली. "सिलाई करती हूँ."

आणि एवढं बोलून ती बाहेर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी खाली, किन्नौरच्या सफरचंदांच्या बागांत उतरलो आणि तिथून घरी. वाटेत मी तिला म्हटलं, "आपा, परवा मी काहीतरी बोलून गेले..." ती म्हणाली, "असू द्या." मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. कोल्हापुरात आल्यावर आपा फेरीला यायची बंद झाली. लग्नसराई आहे, म्हणाली. मी टाकलेला ब्लाउज शेजारणीच्या हाती पाठवून दिला. तो नेहमीसारखाच नेमका बसला, आणि त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं. दोन महिने मी मनाची समजूत घालत राहिले. शेवटी एका दुपारी तिच्या दुकानात जाऊन त्या कुरकुरणाऱ्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "आपा, मी चुकले. मला माफ करा. पण तुमच्या मनात काय आहे ते बोला."

तिनं मशीन थांबवलं. 

"लागलं मला," ती म्हणाली. "मी चौथीत शाळा सोडली बाई. तुमच्यासारखी बाई माझ्याबरूबर फिराय येत्या, ह्याचं मला लई कौतुक वाटायचं. पेठेत सांगायचो मी, बाई माझी मैत्रीण हाय म्हणून. अन् तिथं वर मला कळालं, तुमी मला आत कुठं ठेवलंय ते. दम लागला की माणूस खरं बोलतंय."

 नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला शिवायला शिकवाल?"

"का?"

"मला येत नाही म्हणून."

तिनं माझ्या खांद्यांकडं बघितलं. मग एका जुन्या परकराचा तुकडा आणि सुई माझ्यापुढं टाकली. "काठ दुमडा. हातशिलाई. टाका बाहेरनं दिसला न्हाय पायजे." मी तासभर घाम गाळून एक वीत शिवली. तिनं ती उजेडात धरली, बघितली, आणि ब्लेड माझ्याच हातात दिलं. "उसव."

'उसवा' नाही म्हणाली. माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलं हे तिच्याही लक्षात आलं. "आता शिकाय बसलीस न्हवं?" ती म्हणाली. "मग तू. शिकणाऱ्याला काय अहो-जाहो करायचं?" मीही तिला 'तू' म्हणायला लागले. पहिले काही दिवस अडखळत, मग सहज.

वर्षभर मी दुपारी तिच्याकडं जात होते. इतका ओरडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. "बोटं हायत का मुसळं?" "दोरा केवढा घेतलाय, पंचगंगा आडवी बांधायची हाय का?" सहा महिन्यांनी तिनं मला पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हूक लावू दिले. त्या संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला ते दोन-दोनदा सांगितलं. मुलांना शिकवायची माझी पद्धत चुकीची होती की काय, असंही मला तेव्हा वाटून गेलं. मी चूक दाखवून पुढं जायची. ती चूक हातात देऊन बसायची.

पुलाचा विषय ती काढत नव्हती. मीच काढला. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात आपण पुन्हा जाऊ, म्हटलं. डॉक्टरांनी मला फार वर जायला बंदी घातली होती. मी किन्नौरपर्यंत येईन, तिथं थांबेन, तुम्ही दोघी वर जा. आपा तयार होईना. "तुला टाकून कशी जाऊ?"

"टाकून नाही. मी धाडतेय तुला."

यावेळी वही मी घेतली नाही. सिमल्याच्या बाजूनं हळूहळू चढत गेलो. किन्नौरच्या एका गावात सफरचंदांच्या बागेतल्या घरी मी राहिले आणि दोर्जे दोघींना घेऊन पुढं गेला. चार दिवस. वर एक दिवस विश्रांती घ्यायची, हे मी तिच्याकडून वचन घेऊन ठरवलं होतं. फोन लागत नव्हता. त्या चार दिवसांत मी बागेच्या बांधावर बसून वळणावरून येणारी प्रत्येक गाडी बघितली. कुणाची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते मला त्या वयात कळलं.

चौथ्या दिवशी ऊन कलताना त्या आल्या. आपा गाडीतून उतरली आणि सरळ माझ्याकडं आली. मी विचारायच्या आधीच बांधावर माझ्या शेजारी बसली.

"झालो बघ हुबी त्या पुलावर," ती म्हणाली.

"सांग. सगळं सांग."

"आधी खाली बघितलं की काय दिसतच न्हाय. मग हळूहळू डोळा बसतो. दगडांचे थर, एकावर एक, घड्या घालून ठेवलेल्या लुगड्यांगत. तांबडा, मग राखी, मग थोडा हिरवट. अन् पार तळाला नदी. नदी कसली, पांढरा दोरा. पर आवाज असा, राधानगरी धरणाचे समदे दरवाजे एकदम उघडल्यागत. अन् ऐक. एक पाखरू आलं, मोठं, अन् आमच्या पायाखालनं गेलं. पायाखालनं! मला त्याची पाठ दिसली. उडत्या पाखराची पाठ कधी बघितलीस काय तू? आपण आपलं जन्मभर पोटच बघतोय."

मी हसले आणि रडले. "फोटो?"

"वैजूचा फोन थंडीनं बंद पडला."

वैजू तोवर घराकडं गेली होती. चहा सांगायला, मला वाटलं.

पुढची तीन वर्षं आम्ही तिघी रंकाळ्याला फिरलो. गेल्या वर्षी आपा गेली. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला, मुलगा पुण्याहून आला, आठवड्यात सगळं संपलं. तिचं मशीन बंद करून ठेवलेलं मी बघितलं आणि त्या खोलीत मला थांबता आलं नाही.  बाहेर तिच्या मुलानं माझा हात धरला आणि म्हणाला, "बाई, आई तुमचं लई सांगायची."

चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आम्ही दोघी गेलो होतो. पेठेतल्या बायका जमल्या होत्या, तिच्या हातचे कपडे अंगावर असलेल्या. कुणीतरी विचारलं, आपा त्या हिमालयात गेलती ते काय होतं? मी सांगायला लागले. घडी घातलेल्या लुगड्यांसारखे थर, पांढरा दोरा, आणि पायाखालून गेलेलं ते पाखरू, त्याची पाठ. बायका ऐकत राहिल्या. वैजू खाली मान घालून बसली होती.

 परत चालत येताना ती म्हणाली, "बाई, एक सांगू? पाखरू न्हवतं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी ढग होते. पुलाच्या मधोमध आम्ही दोन तास उभ्या होतो. पुलाचं दुसरं टोक दिसत न्हवतं. खाली नुसतं पांढरं. पाण्याचा आवाज तेवढा खरा. दोर्जे म्हणाला, उद्या पुन्हा येऊ, उघडेल. पण आपा न्हाय म्हणाली. म्हणाली, चार दिवस सांगितलेत, पाचवा झाला की तिकडं ती जिवाला घोर लावून घेईल."

मी रस्त्यातच थांबले. "मग तू मला इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तिनं शपथ घातलेली," वैजू म्हणाली. "येताना गाडीत माझा हात धरून म्हणाली, ती चार दिवस एकटी वाट बघत बसलीया. तिला जाऊन काय ढग सांगायचं व्हय?"